गाढवावर खोगीर कोणी घालायचे?



प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या आठवड्यात, मंगळवारच्या मिस्सेला योहानकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला जातो. मंगळवारी सकाळी चर्चमध्ये आपण पंधरा-वीस जण असतो, त्यातही बहुतेक आजीबाई. त्यामुळे हे वाचन पुष्कळांच्या कानावर कधी पडतच नाही. जेरुसलेममध्ये पाच पडव्यांचे एक तळे होते. तिथे आजारी, आंधळे, पांगळे पडून असत. त्यांत एक माणूस अडतीस वर्षांपासूनचा दुखणाईत. प्रभू येशूने त्याला विचारले की तुला बरे व्हायची इच्छा आहे का. तो सरळ 'हो' म्हणाला नाही. त्याने आपली अडचण सांगितली. पाणी ढवळले की त्याला तळ्यात उतरवायला त्याचे कोणी नव्हते, आणि तो स्वतः जाऊ लागेपर्यंत दुसराच कोणीतरी आधी उतरत असे.

या वाचनावर मी बऱ्याचदा प्रवचन केले आहे. प्रत्येक वेळी त्याच्या श्रद्धेविषयी बोललो, त्याच्या निराशेविषयी बोललो. या वर्षी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले की हा माणूस आपल्या पायांविषयी चकार शब्द बोलत नाही. त्याची तक्रार नेण्या-आणण्याची आहे. तळे समोर आहे, पाणी आहे, बरे होण्याचा मार्ग आहे. तिथवर पोहोचायची सोय तेवढी नाही.

हे माझ्या ध्यानात का आले, ते पुढे सांगतो. त्याआधी जुन्या करारातल्या एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याचे नाव मफीबोशेथ. रविवारच्या वाचनांत तो येत नाही, म्हणून घरी गेल्यावर शमुवेलचे दुसरे पुस्तक उघडून अध्याय ४, ९, १६ आणि १९ अवश्य वाचा.

मफीबोशेथ हा योनाथानचा मुलगा आणि शौल राजाचा नातू. तो पाच वर्षांचा असताना युद्धात शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून पळाली आणि त्या घाईत तो तिच्या हातून पडला. तेव्हापासून तो दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीद राजा झाला. योनाथानच्या मैत्रीची आठवण ठेवून त्याने चौकशी केली की त्या घराण्यातले कोणी उरले आहे का. मफीबोशेथ दूर लोदबार गावी दुसऱ्याच्या घरी राहत होता. राजाने माणसे पाठवून त्याला आणवले. नुसता निरोप धाडला नाही, आणवले! आजोबाची जमीन त्याला परत दिली आणि सांगितले की तू रोज माझ्या पंक्तीला जेवायचे. जमीन कसायला शौलाचा जुना नोकर सीबा याला नेमले.

इथवरची गोष्ट आपण कधीतरी ऐकलेली असते. खरी गोष्ट पुढे आहे.

अबशालोमने बापाविरुद्ध बंड केले. दावीदला जेरुसलेम सोडून पळावे लागले. डोंगर चढून जरा पुढे जातो तोच समोर सीबा हजर. बरोबर खोगीर घातलेली दोन गाढवे, दोनशे भाकरी, मनुका, फळे, द्राक्षारस. राजाने विचारले, तुझा धनी कुठे आहे? सीबाने सांगितले की तो जेरुसलेममध्येच राहिला. आजोबाचे राज्य आता आपल्याला मिळेल अशी त्याला आशा आहे. दावीद दमलेला होता, दुखावलेला होता. त्याने पुढे काही विचारले नाही. मफीबोशेथचे जे काही असेल ते सगळे त्याने तिथल्या तिथे सीबाला देऊन टाकले.

बंड मोडले, राजा परत आला, तेव्हा मफीबोशेथ भेटीला आला. राजा गेला त्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. राजाने विचारले, तू माझ्याबरोबर का आला नाहीस? त्याने कारण सांगितले. तो अधू होता, म्हणून गाढवावर खोगीर घालून राजाबरोबर जायचे त्याने ठरवले होते. नोकराने त्याला फसवले, आणि वर राजाजवळ त्याची चहाडी केली.

बंधू-भगिनींनो, एका गाढवावरून हे सगळे घडले. ज्याच्या हातात गाढव होते तो राजापर्यंत पोहोचला आणि एकनिष्ठ ठरला. ज्याच्या हातात नव्हते तो घरी राहिला आणि बेइमान ठरला. त्याच्या मनात काय आहे हे विचारायला कोणी त्याच्या घरी गेले नाही. तो दिसला नाही, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता.

आता माझी कबुली. आपल्या धर्मग्रामातील एक बंधू जवळजवळ दीड वर्ष रविवारच्या मिस्सेला दिसले नव्हते. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नाव लिहीत नाही. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला आहे. एका पायाला कॅलिपर आणि हाताखाली कुबडी. आपल्यापैकी अनेक कुटुंबांप्रमाणे तेही नगर जिल्ह्यातून कामासाठी इकडे आले. एका लहान वर्कशॉपमध्ये बसून करायचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. साइड व्हील लावलेली स्कूटर होती, तिच्यावरून कामाला जायचे आणि रविवारी चर्चला यायचे. पुढे स्कूटर जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि एक दिवस ती दारात उभीच राहिली. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याच्या शिफ्ट फिरत्या. पहाटे तो कंपनीच्या बससाठी निघतो, आणि सुट्टी रविवारी येईलच असे नाही. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसणे वडिलांना जमत नाही, कारण कॅलिपरचा पाय दुमडत नाही.

हे सगळे मला माहीत नव्हते. माझ्या वहीत त्यांच्या कुटुंबासमोर मी स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: 'अनियमित'. लहान ख्रिस्ती समूहाच्या एका बैठकीत कोणीतरी म्हणाले, "फादर, ते आता दुसरीकडे प्रार्थनेला जातात वाटतं." मी मान डोलावली. दावीद राजाने निदान प्रश्न तरी विचारला होता. मी तोही विचारला नाही.

घरांना आशीर्वाद द्यायला गेलो तेव्हा ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाजूला ती स्कूटर, तिच्यावर वाळत घातलेली चादर. मी, जशी आपली सवय असते, थोडे रागावूनच म्हणालो की बरेच दिवसांत दर्शन नाही. त्यांनी शांतपणे सगळे सांगितले. मी म्हणालो, "अहो, निरोप द्यायचा होता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तशरीर घरी घेऊन आलो असतो." तेव्हा ते म्हणाले, "फादर, ते तुम्ही आणाल, तुमचे उपकार. पण मी आजारी नाही. मला आणून द्यायला नको, मला यायचंय."

या उत्तरानंतर मला घरी नीट जेवण गेले नाही.

आपण ज्या पट्ट्यात राहतो तो साऱ्या देशाला वाहने पुरवतो. टेल्को म्हणून आपले वाडवडील ज्या कारखान्याला ओळखत ती आजची टाटा मोटर्स, आकुर्डीची बजाज आणि टेम्पो, चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरे या कारखान्यांवर आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपवर चालतात. तरी त्याच पट्ट्यात चाकणला अजून रेल्वे स्टेशन नाही आणि काळेवाडीच्या गल्लीतल्या एका माणसाला रविवारी चर्चला यायला वाहन नाही.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन २००७ साली पीएमपीएमएल झाली. आपल्या काळेवाडी फाट्यावरून जाणारा सांगवी-किवळे बीआरटी मार्ग २०१५ साली सुरू झाला. त्यामागची कल्पना चांगली आहे: थांब्याची फरशी आणि बसची फरशी एका पातळीवर, म्हणजे चढायची पायरीच नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरीला मेट्रो आली. स्टेशनवर लिफ्ट आहे. पण त्या लिफ्टपर्यंत जायचे कसे? घरातून गल्ली, गल्लीत उभ्या केलेल्या गाड्या, उघडे चेंबर, मग मोठा रस्ता, मग पवनेवरचा पूल, मग पिंपरीची गर्दी. बीआरटीचा थांबा रस्त्याच्या मधोमध, म्हणजे भरधाव गाड्यांतून कुबडीवर रस्ता ओलांडायचा. शेअर रिक्षावाला कॅलिपर बघितले की थांबत नाही, कारण त्याला एका माणसामागे दोन मिनिटे जास्त लागतात. स्पेशल रिक्षा दर रविवारी जाऊन-येऊन परवडत नाही. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या कड्या कितीही मजबूत असल्या तरी काय उपयोग?

आणि गावाकडे तर साखळीच नाही. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर या भागांत आपल्यापैकी पुष्कळांचे आई-वडील आहेत. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलतही आहे. तिकीट पाव झाले. पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली. शिवाय सवलत मिळायला आधी गाडी गावात यावी लागते. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, ते महिने आठवा. ज्याच्या दारात जीप किंवा मोटरसायकल होती त्याला थोडा त्रास झाला. ज्याच्या दारात काही नव्हते त्याचा दवाखाना थांबला, पेन्शन थांबली, मुलीकडे जाणे थांबले. आजही गावातली म्हातारी डोळे तपासायला तालुक्याला कधी जाणार, हे तिचे डोळे ठरवत नाहीत, पुतण्याची सवड ठरवते. पुतण्या वाईट नसतो. पण ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात दुसऱ्याचा दिवस. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण भाड्याची गाडी करून जातो, तेव्हा शेवटची जागा कोणाला मिळते आणि 'तुम्ही घरीच थांबा, तुम्हांला झेपणार नाही' हे कोणाला सांगितले जाते, याचा ज्याने-त्याने विचार करावा. मतमाउलीजवळ पहिला हक्क कोणाचा? लूर्दला आजाऱ्यांच्या खुर्च्या मिरवणुकीत पुढे असतात.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक खेड्यांत राहणाऱ्या. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. आपले हे बंधू स्वतःला अपंगच म्हणवतात. "नाव काही ठेवा फादर, पण हाक वेळेवर मारा," असे त्यांचे म्हणणे.

२०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. बस, थांबे, स्टेशने, रस्ते सर्वांना वापरता येतील असे करणे ही सरकारची जबाबदारी आहे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दिव्यांग व्यक्तीला स्वतः ये-जा करता यावी म्हणून योजना आखाव्यात, असेही त्यात आहे. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. त्यावर २०१७ मध्ये आदेश निघाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावे लागले की सुगमतेचे नियम नुसते सुचवून चालणार नाही, बंधनकारक करा. एकोणीस वर्षे! तळ्याकाठच्या माणसाची अडतीस होती. अर्धी झाली, असे समाधान मानायचे असेल तर मानावे.

हा कायदा वाचताना मी एका ओळीपाशी अडखळलो. सर्वांना येता-जाता आले पाहिजे अशा इमारती कोणत्या, याची व्याख्या त्यात आहे. शाळा, कामाची जागा, दुकाने, आणि त्यांच्याच रांगेत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारती. म्हणजे बसच्या पायरीकडे बोट दाखवताना माझी उरलेली बोटे आपल्या चर्चच्या पायऱ्यांकडे होती.

आपल्या दारात तीन पायऱ्या आहेत. तुम्ही कधी मोजल्या आहेत का? मीही मोजल्या नव्हत्या. प्रत्येक सहा इंचांची, एकूण दीड फूट. चाकाची खुर्ची सुरक्षित वर जायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे आपल्याला अठरा फूट उतार हवा, आणि कडेला कठडा. ती जागा आपल्याकडे आहे. तिथे रविवारी आपण दुचाक्या लावतो.

मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, तेव्हा ते छप्पर उघडतात. आपण त्या चौघांच्या प्रेमाचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी एक गोष्ट अशी केली जी आपण करायला तयार नसतो. माणूस आत येत नाही म्हटल्यावर त्यांनी इमारतीत बदल केला. घराचा मालक काय म्हणाला ते शुभवर्तमानात नाही. प्रभू येशू मात्र छपराच्या नुकसानीबद्दल काहीही बोलला नाही. आणि दोन्ही गोष्टींत, तळ्याकाठी काय आणि त्या घरात काय, तो बऱ्या झालेल्या माणसाला आपली खाट स्वतः उचलून चालायला सांगतो. दुसऱ्याच्या खांद्यावर जगायची पाळी त्याच्यावर राहू नये, हे प्रभूला हवे होते.

हा मुद्दा मला त्या बंधूंनीच शिकवला. मी उत्साहाने सांगितले होते की आपल्या युवकांतले चार तगडे मुलगे दर रविवारी येतील, खुर्चीसकट उचलून आणतील. ते हसले. "पोरं चांगली आहेत. पण उचललं की सगळं चर्च बघतं, फादर. आणि एखाद्या रविवारी पोरांची मॅच असली, तर मी दारात तयार होऊन बसायचं, आणि मग शर्ट काढून ठेवायचा." मागच्या काही वर्षांत तसे दोनदा झाले होते. एका शेजाऱ्याने गाडीतून नेतो म्हणून सांगितले आणि तो विसरला. त्यांनी शेजाऱ्याला दोष दिला नाही. पुन्हा कोणाला विचारले नाही, एवढेच.

पोप फ्रान्सिस मे २०२२ पासून लोकांसमोर चाकाच्या खुर्चीत येऊ लागले. २०२५ साली देवाघरी जाईपर्यंत ते तसेच येत राहिले. त्यांना कोणी घरी थांबा असे सांगितले नाही; त्यांच्यासाठी वाटा सपाट केल्या गेल्या. खुर्चीतला पोप आपण टीव्हीवर भक्तिभावाने पाहिला. खुर्चीतला शेजारी आपल्या बाकापर्यंत येऊ शकत नाही, हे आपल्याला दिसले नाही.

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. ते शब्द आपण फार भरभर म्हणतो. प्रायश्चित्तकाळात कोणी चहा सोडतो, कोणी मटण सोडतो. सोडलेले पैसे दानपेटीत जातात, आनंद आहे. या वर्षी मी तुमच्याकडे आणखी काही मागणार आहे.

पहिले, ती दुचाक्यांची जागा. पुढील रविवारपासून दारासमोरच्या अठरा फुटांत एकही गाडी लावायची नाही. उतार बांधायला सुरुवात होईपर्यंतही नाही. सवय आधी बांधू, सिमेंट मागाहून. धर्मग्राम परिषदेने उताराला मान्यता दिली आहे, आणि आपल्यापैकी दोन गवंडी बंधूंनी मजुरी न घेता काम करायचे कबूल केले आहे.

दुसरे, गाड्या. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. पण नाव देताना एक अट आहे: आपला रविवार कोणता ते लिहून द्यायचे, आणि त्या रविवारी जमणार नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत बदली माणूस स्वतः शोधायचा. कोणीही शर्ट घालून दारात वाट पाहत बसता कामा नये. ज्यांना यायचे आहे त्यांनी विनंती करायची नाही. त्यांचे नाव यादीत असेल आणि गाडी त्यांच्या दारात असेल. त्यांची स्कूटर दुरुस्त होऊ शकते का, हेही आपल्यातले एक मेकॅनिक बंधू पाहत आहेत. ती चालू झाली तर त्यांचे नाव यादीतून जाईल, आणि मला वाटते सगळ्यांत जास्त आनंद त्यांना त्याचाच होईल.

तिसरे, लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांना. आपापल्या विभागात कोण मिस्सेला दिसत नाही याची यादी मला देऊ नका. त्यांच्या घरी जा, बसा, चहा घ्या, आणि येण्यात काय अडते ते विचारा. मग ते कारण लिहून आणा. बसथांबा, रस्ता, चेंबर यांविषयीची कारणे एकत्र करून त्यावर आपण सह्या करू आणि योग्य त्या कार्यालयात निवेदन देऊ. धर्मग्रामाबाहेरचे, इतर धर्मांचे शेजारीही त्याच रस्त्याने जातात. त्यांच्याही सह्या घ्या. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, ही लेवीय पुस्तकातली आज्ञा फक्त चर्चच्या आवारापुरती दिलेली नाही.

माझ्या वहीतला तो शब्द मी खोडला आहे. शेजारी आणखी अकरा कुटुंबांसमोर तोच शब्द आहे. ती घरे मी या आठवड्यापासून एकेक करून घेणार आहे.

येत्या रविवारी साडेआठच्या मिस्सेला पहिले वाचन हे बंधू करणार आहेत. गावी असताना ते वाचन करीत, हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले. उतार अजून झालेला नाही, म्हणून त्यांना बाजूच्या दाराने आत घेऊ. तिथे एकच पायरी आहे आणि तिच्यावर फळी टाकली आहे. वाचनाच्या जागेलाही एक पायरी आहे, ती मात्र तूर्त तशीच राहील. तेव्हा माईक खाली, पहिल्या बाकाजवळ आणून ठेवायचा आहे. साउंड सिस्टिम पाहणाऱ्या मुलांनी शनिवारी संध्याकाळी येऊन वायर पुरते का ते बघून घ्यावे.

तुमचा धर्मगुरू